वीतभर लंडन

आमच्या महिला मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी मला 'विमानप्रवासातील गमतीजमती' या विषयावर लिहायला सांगितलं आहे. चिटणीसबाई दोनदा घरी येऊन बजावून गेल्या, "हलकंफुलकं लिहा हं, बायका दिवसभराच्या दमलेल्या असतात." मंडळातल्या कुणीच अजून समुद्र ओलांडलेला नाही, तेव्हा मी काय पाहिलं ते सांगायला हवं, हे मला मान्य आहे. पण गमतीजमती हव्या असतील तर त्या दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्याव्यात. मला या प्रवासाचा राग आला आहे, तो अजून उतरलेला नाही, आणि उतरायच्या आत मी हे लिहून काढणार आहे.

राजाजीनगर

पहिला राग एका दोऱ्याचा.

आमचे हे विमानांच्या कारखान्यात इंजिनीअर आहेत. जन्मभर विमानं जोडली, पण स्वतः एकदाही विमानात बसले नाहीत. दोन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या कुसुमला लंडनच्या मुलाचं स्थळ आलं, तेव्हा मी एवढंच म्हटलं, "इतक्या लांब?" हे लगेच उठले, मुलींच्या अभ्यासाचा पृथ्वीचा गोल घेऊन आले, माझ्या शिवणयंत्रावरच्या रिळाचा दोरा मला न विचारता तोडला, आणि एक टोक बंगळूरवर, दुसरं लंडनवर धरलं. दोरा वीतभर भरला.

"पाच हजार मैल," हे म्हणाले. "जेट विमान तासाला साडेपाचशे मैल जातं. म्हणजे नऊ-दहा तास. तुझ्या बेळगावला जायला किती लागतात? अख्खी रात्र आणि वर निम्मा दिवस. मग सांग, बेळगाव लांब की लंडन?"

सगळे हसले. मुलाकडचे हसले, कुसुम हसली, धाकटी विजू तर टाळ्या पिटायला लागली. मी गणितात कच्ची, त्यामुळे गप्प बसले आणि लग्न झालं.

त्या दोऱ्यात काय काय नव्हतं ते मला हळूहळू कळत गेलं. दोरा जातो इराणवरून, काळ्या समुद्रावरून, रशियाच्या अंगणातून. तिथून विमानाला कुणी जाऊ देत नाही, ते आपलं कैरोला वळसा घालून जातं. दुसरं म्हणजे बंगळूरहून लंडनला विमानच नाही, आधी मुंबई गाठावी लागते, आणि मुंबईहूनही ते रोज नसतं. तिसरं म्हणजे यांचीच कारखान्याची बस राजाजीनगरहून निघून गाव ओलांडून कारखान्यात पोचायला तासाहून जास्त वेळ घेते, आणि विमानतळ त्या कारखान्याला लागून आहे. रोज बसमध्ये डुलक्या काढणाऱ्या माणसाला हा वेळ हिशेबात धरावासा वाटला नाही.

यंदा कुसुमला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे कुणी सांगायची गरज नसते. सातव्या महिन्यात तिनं यायचं ठरलं होतं. पण तिकडच्या डॉक्टरानं रक्तदाब बघून विमानाला साफ नाही म्हटलं. मग मी म्हटलं, लेक माहेरी येत नाही तर माहेर तिकडे जाईल. महिनाभर आधी जाते.

यावर यांनी जे म्हटलं ते मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलं आहे. "महिनाभर काय करशील तिथं? लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही, हा तुझाच नेम. मग महिनाभराचा शिधा इथून वाहून नेणार का? विमान आहे ते, बैलगाडी नव्हे. दहा तासांचा तर प्रवास, आठवडाभर आधी निघालीस तरी पुष्कळ झालं."

माझ्याच नेमानं माझं तोंड बंद झालं. हा नेम माझ्या आईनं पाळला होता, तिच्या आईनं पाळला होता. आई तर माझ्या घरी येताना पिण्याचं पाणीसुद्धा कळशीत घालून आणायची. पण त्या काळी लेकी दोन-चार गावांपलीकडे दिलेल्या असायच्या, आणि निरोप आला की आई संध्याकाळपर्यंत पोचायची.

मी आठवड्याचा शिधा बांधला. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, थोडे तांदूळ. कुसुमसाठी डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, काढ्याच्या मुळ्या. तिला लिहिलं, "तुझ्या पहिल्या कळेला मी उशाशी असेन. काळजी करू नकोस." निघताना शेजारची पुट्टम्मा कुंकू लावायला आली. तिनं हात धरून विचारलं, "लंडन तुंब दूर अल्लवा, अक्का?" फार लांब नाही का, म्हणाली. मी हसून म्हटलं, "छे गं, बेळगावपेक्षा जवळ आहे."

सांबरे

विमानात बसल्यावर कानात घालायला कापूस आणि चघळायला आंबटगोड गोळी मिळते. गोळी बरी होती. खाली आपली सगळी शेतं दिसतात, तळी दिसतात, मग ढग येतात आणि काही दिसत नाही. ढगांत विमान असं हादरतं की मी सगळे देव आठवून संपवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. थोड्या वेळानं विमान उतरलं. मी पदर सावरून मुंबई बघायला खिडकीला नाक लावलं, तर बाहेर लाल माती, हिरवं गवत आणि पाटीवर बेळगाव!

मुंबईत पाऊस फार झाला होता, तिथं उतरता येत नव्हतं, म्हणून आम्हाला सांबऱ्याच्या विमानतळावर उतरवलं होतं. विमान कंपनीचा माणूस हातात छत्री घेऊन म्हणाला, "अजून तासाभरात निघू." मुंबईहून लंडनचं विमान दुसऱ्या दिवशी शुक्रवारी होतं, त्यामुळे तासाभराचं मला काही वाटलं नाही. तो तास संपल्यावर तो पुन्हा आला आणि म्हणाला, "अजून तासाभरात." दिवे लागायच्या वेळेला त्यानं आम्हाला गावात जायला सांगितलं.

माझा धाकटा भाऊ बाळू बेळगावात वकिली करतो. त्याला कुणीतरी फोन केला असावा, तो मित्राची जीप घेऊन हजर. लांबूनच ओरडला, "काय गं अक्का, लंडनला म्हणून निघालीस आणि सांबऱ्यात उतरलीस होय! बरं झालं की! चल घरी, हिनं कुंदा आणून ठेवलाय."

"मला कुंदा नको, मुंबई पाहिजे," मी म्हटलं.

"मुंबई काय पळून जाते काय? पाऊस थांबला की जाशील की."

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा सांबऱ्याला. पुन्हा तोच छत्रीवाला, पुन्हा तोच तास. दुपारी मी त्याला म्हटलं, "मला पुण्याच्या गाडीत बसवून द्या, मी माझी जाते मुंबईला." त्यानं मला नीट समजावलं की गाडीनं मी उद्या पोचेन आणि विमान उघडीप मिळताच निघेल, म्हणजे गाडीनं जाणं तोट्याचं आहे. बाळूनंही त्याचीच री ओढली. "विमान सोडून आगगाडीनं जाणार? लोक हसतील की, अक्का." संध्याकाळी बातमी आली की लंडनचं विमान पावसातूनच उडून गेलं. पुढचं सोमवारी.

आता मला सांगा, ज्या विमानाला पावसात उडता येतं आणि ज्या विमानाला पावसात उतरता येत नाही, त्या दोघांचं वेळापत्रक एकमेकांना कुणी बांधलं? मी हे त्या छत्रीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "तक्रारवहीत लिहा." मी लिहिलं. दोन पानं लिहिलं.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मी बाळूच्या झोपाळ्यावर बसले होते. भावजयीनं वाटीत कुंदा आणून दिला. नको नको म्हणत मी तो खाल्ला, आणि आणखी थोडा मागूनही घेतला. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती, तिला बाळू तेल घालत होता. ही दुपार मला एवढी बारकाईनं का आठवते, ते पुढं कळेलच.

कैरो

रविवारी मुंबई, सोमवारी सकाळी जेट. शेजारच्या खुर्चीवर बसवनगुडीचे श्रीनिवासराव निघाले. चार पिढ्या बंगळुरात काढलेलं मराठी घर, त्यामुळे त्यांची मराठी अर्धी कानडीत भिजलेली. पण कपाळाला गंध आणि हातात पळी-पंचपात्राची पिशवी. त्यांच्या मुलानं तिकडच्या मुलीशी लग्न केलं होतं, तिला बघायला निघाले होते. तेही रागात, मीही रागात, त्यामुळे आमचं छान जमलं.

तो श्रावणी सोमवार होता. कुसुमची सुखरूप सुटका व्हावी म्हणून मी तो अगदी कडक धरला होता. सूर्य बुडाल्यावर सोडायचा, तोवर पाण्याचा घोटही नाही. आता विमान पश्चिमेकडे जातं आणि सूर्यही पश्चिमेकडेच जातो, हे यांच्या दोऱ्यानं मला सांगितलं नव्हतं. माझ्या घड्याळात दुपार झाली, संध्याकाळ व्हायला आली, आणि सूर्य आपला डोक्यावर. हवाईसुंदरी ताटं घेऊन तीनदा आली. तिसऱ्यांदा तिला वाटलं मी आजारी आहे.

कैरोला उतरलो तेव्हा माझ्या घड्याळात दिवेलागणीची वेळ आणि बाहेर भट्टीसारखं ऊन. कंपनीच्या माणसानं सांगितलं, यंत्रात किरकोळ बिघाड आहे. इथंही सगळं तासाभरात होणार होतं. मग आम्हाला मोटारीत घालून एका हॉटेलात नेऊन ठेवलं, तेव्हाच मी ओळखलं की हा तास सांबऱ्याच्याच जातीचा आहे.

श्रीनिवासराव म्हणाले, "अक्का, बंगळुरात आता देवाजवळ दिवा लावला असेल. सोडा की उपास. स्वल्प दूध तरी घ्या."

"समोर ऊन दिसतंय आणि मी सोमवार सोडू?"

"मग मी संध्या कुठल्या सूर्याची करू, ते तरी सांगा. घड्याळातल्या की ह्या?"

"तुमचं तुम्ही ठरवा. मी याच्याकडे बघून बसणार."

"सरी," म्हणजे बरं, म्हणाले आणि पळी-पंचपात्र मांडून बसले, पण सुरुवात काही करेनात.

हॉटेलवाल्याची म्हातारी आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती. काळी वस्त्रं, डोक्यावरून काळाच पदर, हातात माळ. मी खिडकीशी बसून सूर्याकडे टक लावून बघते आहे हे तिनं पाहिलं. तिनं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, मग सूर्याकडे दाखवलं, मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी मान हलवली. तिला एका क्षणात कळलं. तिच्याकडेही महिनाभर असाच उपास असतो, सूर्य बुडेपर्यंत पाणीसुद्धा नाही. माझ्या देशातल्या त्या हवाईसुंदरीला जे दिवसभर उमगलं नव्हतं ते या बाईला भाषेवाचून उमगलं. ती खुर्ची ओढत माझ्याजवळ आली आणि आम्ही दोघी मिळून सूर्याची वाट बघत बसलो.

मध्ये तिनं विचारलं, कशासाठी? म्हणजे बोटं उघडून विचारलं. मी पोटावरून हात फिरवून दाखवला, मग लांब पश्चिमेकडे बोट केलं, मग कमरेएवढ्या उंचीवर हात धरून ती माझी लेक असल्याचं सांगितलं. तिनं दोन्ही हात वर करून डोळे मिटले आणि कितीतरी वेळ काहीतरी पुटपुटली. सूर्य समोरच्या घरांमागे गेला तशी उठून आत गेली, आणि बशीत खजूर व पेल्यात पाणी घेऊन आली. एक खजूर तिनं स्वतः माझ्या हातावर ठेवला. श्रीनिवासरावांची संध्याही तेव्हाच सुरू झाली. एवढा गोड खजूर मी परत कुठंच खाल्ला नाही, आणि इतक्या रागातसुद्धा ही एक गोष्ट मी चांगली म्हणून सांगते.

बाकी कैरोबद्दल विचाराल तर पिरॅमिड मी पाहिले नाहीत. बाकीचे उतारू मोटार करून बघून आले. मी कंपनीच्या टेबलासमोर बसून राहिले, कारण मी उठले तर ते लोक निजतील अशी माझी खात्री होती. शाकाहारी म्हणून मला दोन्ही वेळा पाव, टोमॅटो आणि एकदा चुकून मासा मिळाला. कुसुमच्या लाडवांच्या डब्याला मी हात लावला नाही. लंडनला तार करा म्हटलं तर "केली आहे" म्हणायचे. बुधवारी दुपारी यंत्र दुरुस्त झालं.

लंडन

लंडनच्या विमानतळावर जकातीच्या गोऱ्या साहेबानं माझी पिशवी उघडली. बाळंतशेपा हुंगला, काढ्याच्या मुळ्या उलटसुलट करून पाहिल्या आणि डिंकाचा लाडू वर धरून विचारलं, हे काय? मी सांगितलं, डिंक. कशाला? खायला. त्यानं दुसऱ्या साहेबाला बोलावलं, त्यानं तिसऱ्याला. तिघं जण लाडवाभोवती उभे होते आणि माझा जीव तिकडे दारापाशी. शेवटी मी एक लाडू मोडून त्यांच्यासमोर खाल्ला, तेव्हा कुठं सोडलं.

जावई मधुकर दाराशी उभा होता. हातात चॉकलेटचा डबा. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हे त्यालाही माहीत होतं, पण तिथं बर्फी कुठून आणणार? त्या डब्याकडे बघूनच मला कळलं.

"आई, मुलगी झाली," तो म्हणाला. "दोघी चांगल्या आहेत. शनिवारी सकाळी झाली. मी लगेच राजाजीनगरला तार केली होती. तुम्हाला कळलं नाही का?"

मला कुठून कळणार? तार राजाजीनगरला पोचली तेव्हा मी बेळगावहूनही निघून गेले होते. इंग्लंडातली शनिवारची सकाळ म्हणजे आपली शनिवारची दुपार. मी मनात हिशेब केला आणि मला झोपाळ्याची कडी आठवली.

त्या देशातल्या इस्पितळाबद्दल मी थोडक्यात सांगते, नाहीतर हा अंक पुरायचा नाही. बाळंतिणीला भेटायचं ते संध्याकाळी घटकाभर, आणि तेही नवऱ्यानं. आई हा प्रकार त्यांच्या नियमात बसत नव्हता. मधुकरनं मोठ्या नर्सबाईला विनवलं, ही भारतातून आली आहे म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं आज एकदाच म्हणून मला आत सोडलं. आत बघते तर काय, खिडकी सताड उघडी, थंड वारा सुटलेला, आणि माझी बाळंतीण लेक कानाला फडकंसुद्धा न बांधता आइस्क्रीम खाते आहे! मी बशी काढून घेतली. नर्सबाईनं माझ्याकडून ती परत घेतली. आम्ही दोघी एकमेकींकडे अशा बघत राहिलो की मधुकर बाहेर निघून गेला.

मग कुसुम म्हणाली, "आई, राहू दे ना. इथं असंच असतं."

मी तिच्या उशाशी बसले. तिनं माझा हात गालाशी धरला. मग म्हणाली, "यांना आत येऊ देत नव्हते. मी एकटीच होते. खूप दुखायला लागलं तेव्हा मी तुला हाक मारली. मग आठवलं, तू विमानात असशील. म्हणून वर बघून मारली."

मी वर नव्हते. मी बेळगावात झोपाळ्यावर बसून कुंदा खात होते. हे तिला मी त्या दिवशी सांगितलं नाही. नात सुंदर होती, नाक आमच्या घरचं. पण तिला घ्यायला हात पुढं केला तर नर्सबाईनं घड्याळ दाखवलं.

मधुकरच्या घरी गेल्यावर त्यानं मला जेवायला वाढलं. खाली थोडा लागलेला भात, पातळ वरण, वरून लोणी. "आई, आता चालेल ना?" त्यानं भीत भीत विचारलं. मूल झालेलं होतं, म्हणजे मला त्या घरचं अन्न घ्यायची मोकळीक होती. राजाजीनगरहून बांधून आणलेली भाजणी, मेतकूट, पोहे कशालाच आता अर्थ उरला नव्हता. पोरानं दिवसभर तिकडच्या कारखान्यात राबून तो भात केला होता, म्हणून मी सगळा संपवला. पण पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो बिचारा समजला की वरण तिखट झालं आहे.

तीन महिने राहिले. कुसुम इस्पितळातून घरी आल्यावर मी तिला शेक-शेगडी केली, लाडू खाऊ घातले, नातीला तेल लावून पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. खालची गोरी घरमालकीण दारातून बघायची आणि तोंडावर हात ठेवायची. शेवटी शेवटी ती स्वतःच टॉवेल ऊन करून आणून द्यायला लागली. लंडन शहर मोठं आहे, दुमजली बसगाड्या लाल आहेत, लोक रांगेत उभे राहतात आणि मोठ्यानं बोलत नाहीत. आपल्याकडच्यासारखं शेजारणीनं सकाळी येऊन "काय केलंत आज?" विचारणं तिथं असभ्य समजतात. कुसुम कशी राहते तिथं, देव जाणे.

येताना विमान कुठंही अडकलं नाही, बिघडलं नाही, नेमक्या वेळेला पोचलं. तेव्हा मला कसलीच घाई नव्हती.

पुन्हा राजाजीनगर

हे विमानतळावर आले होते. मी वाटभर बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि बोलले नाही. यांनीही काही विचारलं नाही. किती तास लागले, वेग काय होता, किती उंचीवरून गेलं, काही काही नाही. घरी आल्यावर पाहते तर पृथ्वीचा गोल टेबलावर नव्हता. कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला होता.

पुट्टम्मा आली, तिनं मग सगळं सांगितलं. मधुकरची तार आली तेव्हा विजू कॉलेजात होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. हे तार हातात घेऊन तिच्या दाराशी गेले. "अळियानं तार केली, नात झाली," जावयाची तार आली एवढं सांगितलं आणि तिथंच पायरीवर बसले. नंतर रोज कारखाना सुटला की विमानतळावर जाऊन विचारायचे, लंडनचं विमान कुठं आहे. कंपनीला तारा करायचे, माझ्या बायकोला सांगा, मुलगी सुखरूप आहे म्हणून. त्यातली एकही मला मिळाली नाही. पुट्टम्मा म्हणाली, "यजमानरु जेवत नव्हते, अक्का. त्यांना ठाऊक होतं आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं, तेच त्यांना सोसेना."

माझा राग एवढ्यानं जाणार नव्हता. गेलाही नाही. पण त्या दिवशी मी रात्रीच्या जेवणाला यांच्या आवडीचं पिठलं केलं.

मागच्या रविवारी यांच्या ओळखीचे एक गृहस्थ घरी आले. त्यांचा पुतण्या अमेरिकेत असतो, त्याच्यासाठी विजूला मागणी घालायला. मुलगा शिकलेला, फोटोत तरी बरा दिसत होता. विजू स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकत होती. मी कॉफी नेऊन ठेवली आणि काही बोलायच्या आतच गृहस्थ मला म्हणाले, "वहिनी, लांब वगैरे मनात आणू नका हं. आता कुठं काही लांब राहिलंय? आज बसलं की उद्या अमेरिका! तुमच्या घरात तर हे सांगायलाच नको." आणि मोठ्यानं हसून यांच्याकडे बघितलं.

हे कॉफी ओतत होते. त्यांनी पेला खाली ठेवला.

"लांब आहे," हे म्हणाले.

"काय राव, विमानं तुम्ही बांधता आणि तुम्हीच असं म्हणता?"

"म्हणूनच सांगतो. फार लांब आहे. मुलगा चांगला असेल, विजूला आवडला तर ती जाईलही. पण जवळ आहे असं या घरात कुणी सांगायचं नाही."

गृहस्थ कॉफी पिऊन गेले. विजू दाराआडून बाहेर आली आणि बापाशेजारी जाऊन बसली. हे माझ्याकडे बघत होते, मी बरं काहीतरी म्हणेन या आशेनं. मी कपबशा उचलून आत गेले आणि नळ सोडला.

कारण हेच शब्द यांनी दोन वर्षांपूर्वी, दोरा हातात असताना म्हटले असते, तर मी महिनाभर आधी निघाले असते, आणि कुसुमला वर बघून हाक मारावी लागली नसती.